वरची खुंटी

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला भरती-ओहोटी शिकवायला लागून अकरा वर्षं झाली होती. हसा, हसा. धुळ्याला देवपुरात एका शाळेत मी भूगोल शिकवायचे. सातवीला तो धडा होता आणि तो मी अशा ऐटीत शिकवायचे, की जणू माझं लहानपण गलबतावरच गेलं. खरं तर माझं माहेर जळगावजवळचं असोदा. केळी, कापूस आणि भरिताची वांगी. पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर ठिबकच्या नळीतून मोजून मापून पडणारं. मग एकदा शाळेची सहल समुद्रावर गेली. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली, पाणी पार लांब सरकलेलं, समोर नुसता ओला चिखल. एका मुलीनं विचारलं, "बाई, समुद्र कुठाय?" आणि मला, धडा तोंडपाठ असलेल्या बाईला, दोन क्षण काही सुचलं नाही.

त्या लाजेपायी मी तो ट्रे केला. पत्रेवाल्याकडून दोन हात लांब, वीतभर खोल असा करून घेतला. एका बाजूला पांझरा नदीतली वाळू उतार देऊन रचायची, तो किनारा. दुसऱ्या बाजूला तळाशी भोक, भोकाला नळी, नळीच्या टोकाला तेलाचा रिकामा डबा पाण्यानं भरलेला. डबा वर उचलला की ट्रेमध्ये पाणी चढतं, ती भरती. खाली ठेवला की पाणी डब्यात परत येतं, ती ओहोटी. मध्ये एक फळी हातानं हलवायची, म्हणजे लाटा. विटेच्या खड्यांची घरं, काथ्याच्या झुपक्यांची झाडं. डबा अडकवायला बाजूच्या दांड्यावर दोन खुंट्या ठोकल्या होत्या. खालची खुंटी म्हणजे अष्टमी, तेव्हा भरती सगळ्यांत कमी चढते, तिला भांगाची भरती म्हणतात. वरची खुंटी म्हणजे अमावस्या आणि पौर्णिमा, तेव्हा उधाण. हे सगळं मी नुसतं दाखवायचे नाही, मुलांच्या हातात डबा द्यायचे. हातानं उचलल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, हे माझं मत होतं आणि आजही आहे.

रिटायर झाल्यावर एका संस्थेनं मला विचारलं, हा ट्रे घेऊन गावोगाव जाल का? मी एका पायावर तयार. जत्रा, बाजार, ग्रामपंचायतीचे ओटे, सगळीकडे गेले. पिंपळनेरच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं मला सरळ तोंडावर विचारलं, "बाई, समुद्रनं आमले काय लेनंदेनं शे?" मी म्हटलं, आबा, पांझरा तुमच्याच डोंगरातून निघते ना? ती तापीला मिळते, तापी समुद्राला. नदी वाळू नेऊन टाकते म्हणून किनारा उभा असतो. आपण वाळू ट्रॅक्टरनं उचलली, राहिलेली धरणात अडकली, मग तिकडे किनारा खंगत जातो. म्हातारा मान हलवून निघून गेला, पण त्याच्या मागे उभी असलेली एक आजी पुढे आली, तिनं डबा दोन्ही हातांनी धरून थेट वरच्या खुंटीला लावला आणि विटेची घरं लोळली तशी ओरडली, "माय वं! बठ्ठं गये!" सगळं गेलं! सगळा बाजार गोळा झाला. जाता जाता ती मला म्हणाली, "मंग आठे कशाले दखाडस? तठे जाईसन दखाड ना." तिकडे जाऊन दाखव. मी खूप हसले. घरी येऊन मुलीला फोनवर सांगितलं आणि पुन्हा हसले.

तेव्हा मला वाटायचं, इथल्या माणसांना समुद्रापासून धोका कसला? इथून समुद्र गाठायचा तर रात्रभर गाडीत बसायला लागतं.

असोद्याला माझा मोठा भाऊ असतो. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, मी त्यांना भाऊच म्हणते आणि अहोजाहो करते. वडील गेल्यावर शेताच्या कागदावर माझं नाव लागलं, तेव्हा भावानं तहसीलला नेऊन माझी हक्कसोडाची सही घेतली होती. मला साडीचोळी झाली, गोडाचं जेवण झालं. मी हसत सही केली. बहिणीनं हसतच करायची असते. मला कुठे जमीन कसायची होती? पण त्या दिवसापासून एक झालं, की माहेरी मी पाहुणी झाले. शेतात काय पेरलं, काय विकलं, हे विचारायचं नाही. विचारलं तर सगळे एकदम गप्प व्हायचे.

ते वावर भावाच्या नावावर, पण वहिनीच्या अंगावर. तीस वर्षं केळीची पानं कापली ती तिनं, बुंध्याशी फुटलेली पिलं काढली ती तिनं, जूनच्या वादळात बाग आडवी झाली की घडांना हात लावून रडली ती तिनं. वहिनी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. बोलायची कमी. पण तिच्या हाताला चव होती, सगळं गाव म्हणायचं. थंडीत आमच्याकडे शेतात भरिताची पंगत होते, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, वर हिरव्या मिरचीची फोडणी. त्या भरिताला फोडणी वहिनीच्याच हातची पाहिजे आणि पहिली पुरीही तिनंच कढईत सोडायची, असा गावात जणू नियमच होता. कुणाच्याही शेतात पंगत असो, बोलावणं वहिनीला यायचं.

अशाच एका भरिताच्या पंगतीच्या आधी भावाचा फोन आला. "बाई, तो तुहा समुद्र एकदा असोद्याले आन. लोकं पाहातीन."

मी किती हुरळले, काय सांगू! साठी उलटलेली बाई, पण पोर शाळेचं बक्षीस घेऊन घरी निघावं तशी निघाले. ट्रे टेंपोत टाकला, वाळूची पोती टाकली. शेतात मांडव घातला होता. देवळातली सतरंजी आणून अंथरलेली. पुढे खुर्च्या आणि त्यातली मधली खुर्ची माझी. ज्या गावात मी कधी पुरुषांच्या पुढे बसले नव्हते, त्या गावात सरपंच मला म्हणाले, "बसा अक्का, तुम्ही बसा." भाऊ सगळ्यांना सांगत होते, ही माझी बहीण. मला भरून आलं. आज खोटं कशाला सांगू, मला त्या खुर्चीवरून उठूच नये असं वाटत होतं.

मी डबा खालच्या खुंटीला लावून सुरुवात केली. वरच्या खुंटीला लावला की पाणी ट्रेच्या काठावरून थोडं सांडतं, आणि सरपंचांनी आधीच हळूच सांगितलं होतं, "अक्का, सतरंजी देवळाची आहे, जपून." म्हणून त्या दिवशी वरची खुंटी मी वापरलीच नाही. नुसतं तोंडी सांगितलं, की अमावस्येला पाणी याहून वर येतं. तोंडी सांगितलेलं कोण ऐकतं? मागून कोणीतरी ओरडलं, "मंग भित बांधा की! पानी थांबते का नही पाहू." लोक हसले. मीही हसले, आणि फरशीच्या तुकड्यांची एक भिंत घरांपुढे वाळूत रोवली. पाच-सहा भरत्या दिल्या. पाणी भिंतीपर्यंत आलं, थांबलं, मागे गेलं. घरं कोरडी.

"बघा, टिकली," मी म्हटलं.

टाळ्या पडल्या. अशा टाळ्या मला चौतीस वर्षांच्या नोकरीत मिळाल्या नव्हत्या. आणि मला माहीत होतं, देवाशपथ मला माहीत होतं, की ती भिंत टिकत नाही. शाळेत मी हा प्रयोग मधल्या सुट्टीभर करायचे, मुलं आळीपाळीनं डबा उचलायची. लाट भिंतीवर आपटते, उलटी फिरते आणि फिरताना भिंतीच्या पायाची वाळू उकरून नेते. पहिल्या दहा-वीस भरत्यांना काही दिसत नाही. तीस-पस्तीस झाल्या की भिंत पुढे झुकते आणि मग आपल्याच पायाच्या खड्ड्यात तोंडावर पडते. ते दाखवायला अर्धा तास लागतो. तिकडे वांगी ठेचून झाली होती, वास सुटला होता, लोक उठायला लागले होते. मला शाल दिली, नारळ दिला. मी म्हटलं, जाऊ दे, टाळ्यांवर संपलेलं बरं.

सगळे पंगतीकडे गेले. चौकश्या करणाऱ्यांशी बोलण्यात माझा अर्धा तास गेला; हात धुऊन वळले तर वहिनी ट्रेपाशी उभी. फोडणी देऊन ती तिकडे आली होती. तिनं सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवली होती, पदर खोचला होता आणि डबा वरच्या खुंटीला लावून ती एकटी भरती-ओहोटी करत होती. एक हात डब्याला, एक हात फळीला. किती वेळ करत होती, कोण जाणे. मी जवळ गेले तेव्हा भिंत पडलेली होती आणि विटेची घरं पाण्यात.

"ताई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुमची भित पडली."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "वहिनी, वाळू सारखी करून टाका गुपचूप. चला जेवायला."

पंगतीत भाऊ माझ्या समोर होते. वहिनी वाढायला आली आणि तिनं त्यांना काहीतरी सांगितलं, पुटपुटत. भावानं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, हे म्हनते भित पडली. खरं का?"

पंगत थांबली. सरपंच माझ्याकडे बघत होते. खांद्यावर शाल तशीच होती. एक वाक्य होतं, "हो भाऊ, पडते, मी पूर्ण दाखवलं नाही." एवढंच. माझ्या जिभेला काय झालं? मी हसून म्हणाले, "वहिनींनी जोरात हलवली असेल."

सगळे हसले. भाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसले. वहिनीनं माझ्या ताटात भरीत वाढलं आणि पुढे गेली. ती माझ्याकडे बघेल म्हणून मी ताटात बघत राहिले.

संक्रांतीनंतर भावाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "बाई, सौदा केला. समुद्राच्या काठाले प्लॉट. आपली तापी जठी समुद्राले भेटते ना, त्याच्या थोडा पुढे."

दुपारच्या एस.टी.नं मी असोदा गाठलं. तेव्हा हळूहळू सगळं कळलं. एक एजंट जळगावहून लोकांना गाडीनं न्यायचा, किनाऱ्यावरची जागा दाखवायचा, परत आणायचा. मुलगा पुण्यात, सून शेतात येणार नाही, भावाचे गुडघे गेलेले, दरवर्षी केळी वादळात आडवी. वावर विकायचं, तिकडे दोन खोल्या बांधायच्या, एक आपल्याला, एक फिरायला येणाऱ्यांना भाड्यानं. समोर समुद्र. बोलणी कार्तिकापासून चालली होती. मला कोण सांगणार? मी सही करून मोकळी झालेली. वहिनी पहिल्यापासून नाही म्हणत होती, पण ती कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? समुद्र तिनं कधी पाहिलेला नव्हता. त्या दिवशी माझ्या ट्रेमध्ये तिला पहिल्यांदा काहीतरी हातात सापडलं होतं. तिला भांडायला एक भिंत सापडली होती. आणि ती मी तिच्याच माथी मारली होती.

मी भावाला विचारलं, "जागा बघायला किती वेळा गेलात?"

"दोनदा."

"तिथी कोणती?"

भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले. त्यांना तिथ्या पाठ असतात, पेरणी असो की विहिरीची मोटर, तिथी बघितल्याशिवाय ते हात लावत नाहीत. म्हणाले, "दोन्ही खेपले अष्टमीच व्हती. एजंटच म्हने, चांगला दिवस पाहून जाऊ."

मी डोक्याला हात लावला. अमावस्येला आमच्याकडे कोणी जमीन बघायला जात नाही. पौर्णिमेला घरी सत्यनारायण. त्या एजंटला खोटं बोलायची गरजच पडली नसेल. आमच्या माणसांना समुद्र अष्टमीलाच दाखवायचा, की तो बिचारा गोगलगाईसारखा लांब पडलेला, आणि पुढे कोरडी वाळूच वाळू. आणि मी तरी काय केलं होतं? मीही सतरंजी भिजू नये म्हणून अष्टमीच दाखवली होती.

"भाऊ, खरेदी व्हायच्या आधी एकदा अमावस्येला जाऊन बघा. मी येते बरोबर."

"अमावस्येले जागा पाहाले कोनी जाते का? येडी झाली का तू?"

मग मी सांगितलं. ओट्यावर, वहिनीसमोर सांगितलं. म्हटलं, भाऊ, त्या दिवशी वहिनी खरं बोलत होत्या. भिंत पडते. मला माहीत होतं, मी लपवलं. भाऊ म्हणाले, "चार मान्सांत तू म्हनली टिकली. आता मी सौदा केला तं पडते? बाई, हिस्सा पाहिजे व्हता तं सही करताना बोलायचं. आता काहून पोटात दुखू राह्यलं तुह्या?"

असं माझा सख्खा भाऊ मला म्हणाला. राग आला, इतका आला की मी पाण्याचा तांब्या तसाच ठेवून उठले. मनात म्हटलं, जा मग, घाल घर समुद्रात. खरंच म्हटलं. बहिणीनं असं म्हणू नये, पण म्हटलं. आणि शेवटच्या गाडीनं धुळ्याला आले. पुन्हा जाऊन पाय धरायला हवे होते, वहिनीला बरोबर घेऊन भांडायला हवं होतं, पुतण्याला पुण्याला फोन करायला हवा होता. मी काही केलं नाही. मी अपमान कुरवाळत बसले.

अक्षय्य तृतीयेच्या आत घर उभं राहिलं. पुढे भिंत बांधली, छातीएवढी. भावानं मला फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "मजबूत."

आषाढात कुठेतरी भिंतीच्या बुडाची वाळू गेली असणार. पाऊस आहे म्हणून कोणी बघितलं नाही. आणि मग आला पोळा. आता हे माझ्या सातवीतल्या कोणत्याही मुलीनं सांगितलं असतं, की पोळा येतो अमावस्येला. श्रावणातली अमावस्या, भर पावसाळ्यातलं उधाण. पण आमच्या शेतकऱ्याला पोळ्याच्या दिवशी समुद्र कसा दिसतो हे कसं ठाऊक असणार? तो तर जन्मभर त्या दिवशी बैलांच्या शिंगांना रंग देत असतो. भावाच्या आयुष्यातला तो पहिला पोळा, ज्या दिवशी त्यांच्या दारात बैल नव्हते आणि ते समुद्राच्या काठाला होते.

दुपारी माझा फोन वाजला. वहिनीनं त्यापूर्वी मला कधीच आपणहून फोन केला नव्हता. मागे कसला तरी मोठा आवाज येत होता. तिनं ना नमस्कार केला, ना रडली.

"ताई," ती म्हणाली, "वरच्या खुंटीवर पानी आलं."

माणसं वाचली, हे नशीब. भिंत तोंडावर पडली, अगदी ट्रेमधल्यासारखी, आणि पुढची खोली तिच्या मागोमाग गेली. मागच्या खोलीला तडे. तिथल्या सरकारी ऑफिसातल्या लोकांनी राहू नका म्हणून सांगितलं. भाऊ आणि वहिनी असोद्याच्या गावातल्या घरात परत आले, तेवढं एक विकायचं राहिलं होतं. वावर गेलं. त्या वावरात आता दुसऱ्याची केळी आहे आणि वहिनी तिथेच रोजानं पानं कापायला जाते. तिला कोणत्या झाडाला पाणी कमी पोचतं ते माहीत आहे, म्हणून नवा मालक तिच्यावर खूश आहे.

बैल गेला अन् झोपा केला, तसं मी धावत गेले. वाटलं होतं, गाव एजंटला शिव्या देत असेल. नाहीतर भावाला, नाहीतर मला. मला तर हव्याच होत्या. पण गावानं वेगळंच शोधून काढलं होतं. भरिताच्या पंगतीच्या दिवशी पत्र्याच्या समुद्रातली भिंत कोणी पाडली? तेव्हाच अपशकुन झाला. बाईनं स्वतःच्या हातानं स्वतःचं घर बुडवून दाखवलं, मग दुसरं काय होणार? बहीण मास्तरीण आहे, तीच म्हणाली होती ना सगळ्यांसमोर, की हिनं जोरात हलवली. पुढे तुळशीचं लग्न झाल्यावर चुलत्याच्या घरी लग्न निघालं, हळद लावायला पाच सवाष्णी बोलावल्या, त्यात वहिनी नव्हती. ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. कोणी काही बोललं नाही. नुसतं बोलावलं नाही.

वहिनी मला म्हणाली, "ताई, वावर गेलं, ते गेलं. पन माह्या हाताले नाव ठेवू राह्यले लोकं. तुम्हीच म्हनाल्या व्हत्या, मी जोरात हलवली. आता तुम्हीच येऊन सांगा."

मी म्हटलं, सांगत नाही, दाखवते.

पुन्हा थंडी पडली, भरिताचे दिवस आले. मी सरपंचांना जाऊन भेटले, हात जोडले, म्हटलं मला एकदा तोच प्रयोग करू द्या, त्याच लोकांसमोर. आणि एक अट, भिंत पडेपर्यंत पुरी तळायची नाही. ते हसले, पण हो म्हणाले. मी पुन्हा टेंपो केला, सरपंचांच्या शेतात वाळू नेली, तेच फरशीचे तुकडे नेले. या वेळी सतरंजी नको म्हणून सांगितलं, लोकांना मातीतच बसवलं. भाऊ पुढच्या खुर्चीवर बसले होते, माझ्याशी न बोलता. वहिनीला मी सांगून ठेवलं होतं, तुम्ही ट्रेजवळ यायचं नाही, म्हणजे कोणाला तोंड उघडायला जागा नको. ती लांब बांधावर, लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली, दोन्ही हात पदरात गुंडाळून.

मी आधी बोलले. सगळं बोलले. मागच्या वर्षी मी अर्धवट दाखवलं, खालची खुंटी वापरली, टाळ्यांना भुलले, वहिनी खरं बोलत होती आणि मी तिला खोटं पाडलं. मग डबा वरच्या खुंटीला लावला. एक. खाली. दोन. खाली. मोठ्यानं मोजत होते. दहाव्याला लोक चुळबुळायला लागले. विसाव्याला कोणीतरी म्हणालं, "अक्का, वांगे थंडे होऊ राह्यले." माझे खांदे भरून आले, मी डबा कोणाच्या हातात दिला नाही. पंचविसाव्याला भिंतीच्या बुडाशी खड्डा दिसायला लागला आणि पुढचे दोघे-तिघे वाकून बघायला लागले. तिसाव्याला भिंत झुकली. सदतिसाव्या भरतीला ती पडली, हळूच, आवाज न करता. पाणी घरांमध्ये शिरलं.

मी धापा टाकत भावाकडे बघितलं. म्हटलं, "बघितलं ना भाऊ? कोणी हात लावला नाही. कोणी नाही. ती अशीच पडते."

भाऊ ट्रेकडे बघत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, मी पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील. आता ते उठून बांधापर्यंत जातील.

मग त्यांनी मान वळवली, लिंबाकडे बघितलं आणि म्हणाले, "पन ते उभी व्हती ना तठी."

मागे दोन-तीन माना हलल्या. "हो ना," कोणीतरी म्हणालं. सरपंच उठले, लोक उठले, कपडे झटकले. "चला, तेल तापवा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी माझा हात दाखवून वहिनीच्या नशिबी आणलं, दुसऱ्यांदा.

वहिनी बांधावरून आली. आता जवळ यायला काही हरकत नव्हती. तिनं पाण्यात हात घालून फरशीचे तुकडे एक एक करून काढले, धुतले, माझ्या पिशवीत ठेवले.

मी म्हटलं, "वहिनी, मी परत येईन. पुढच्या वर्षी परत दाखवीन. यांना पटेपर्यंत."

"नका ताई," ती म्हणाली. "त्या दिवशी जेवताना एक वाक्य बोलल्या असत्या, तं भागलं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तिकडे चुलीवर तेल तापलं, भरितावर फोडणी पडल्याचा चर्रर्र आवाज आला, पहिली पुरी कोणीतरी दुसरीच बाई सोडत होती. वहिनीनं एकदा तिकडे बघितलं. मग ती खाली बसली आणि माझ्याबरोबर ओली वाळू पोत्यात भरायला लागली. शेवटचं पोतं बांधून होईपर्यंत तिला कोणीही हाक मारली नाही.